पुढे द्यायचं राहिलं

नाही, मी म्हणतो, प्रोग्रॅम लिहिताना कंसात कंस घालायचो ते काय वाईट होते हो? शेवटी कंस बंद करताना बोटं मोजावी लागायची, पण वेबसाइट उभी राहत होती ना? तर आमच्या टीमच्या साहेबांना साक्षात्कार झाला... पाइप! एक उभी दांडी, तिला चिकटून बाण, की एका फंक्शनमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या एक काम करणाऱ्या तुकड्यातून, निघालेला माल थेट दुसऱ्यात. साहेब डोळे मिटून म्हणतात, "सोपं आहे. आलेलं घ्यायचं, आपलं काम करायचं, पुढे द्यायचं."

आता तुम्हाला सांगतो, त्याच आठवड्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती, बायकोनं तिच्या आईला कळवूनही टाकलेलं, आणि माझ्या वाट्याला आलं दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम. पेशंटचं नाव घ्या, त्याला वेळ जोडा, निरोप तयार करा, मोबाइलवर पाठवा... लावली फंक्शनं ओळीनं, पळालं झकास! मग गपगुमान घरी जावं की नाही माणसानं? पण खाज! म्हटलं, मधेच जरा डोकावून बघू, माल नीट चाललाय ना. म्हणून वेळ जोडल्यावर एक डोकावणारं फंक्शन घुसवलं. त्यानं सगळं पाहिलं, मला स्क्रीनवर दाखवलं, नाव बरोबर, वेळ बरोबर, मी खूश, दिलं चालू करून... आणि त्या पठ्ठ्यानं पुढे काय दिलं? काही नाही! दे म्हणून मी सांगितलंच नव्हतं ना. आलेलं घेतलं, आपलं काम केलं... पुढे द्यायचं राहिलं!

बरं, मोबाइल नंबर मी शहाण्यासारखे वेगळे ठेवलेले, त्यामुळे निरोप पोचला मात्र झाडून सगळ्यांना. "नमस्कार, तुमची आजची वेळ..." आणि पुढे कोरं. ज्याला वेळ नाही तो कधी येतो? दार उघडल्या उघडल्या! सुजलेले गाल जिन्यापर्यंत. डॉक्टरीणबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे खुर्ची एकच आहे."

त्यांनी हे सांगितलं आमच्या मालकांना. मालकांनी त्यात आवाज जोडून मॅनेजरना, मॅनेजरनी त्यात माझं नाव जोडून साहेबांना, आणि साहेबांनी, डोळे उघडे ठेवून बरं का, त्यात "पक्कं करायचं पुढच्या वर्षी बघू" एवढं जोडून मला. मधे एकही माणूस विसरला नाही हो! आलेलं घेतलं, आपलं काम केलं, पुढे दिलं!

घरी आलो. बायको दारातच. "झाली ना पक्की? आईचे दोन फोन येऊन गेले. काय झालं, सांगा की."

मी चपला काढल्या, सगळं आत घेतलं आणि म्हटलं, "काही नाही."