न पुसलेला फोटो

त्वचेच्या डॉक्टरांकडे अजून दोन नंबर बाकी होते. रिसेप्शनवरच्या ताई केसपेपर लावत होत्या, पण कान समोरच्या बाकावर होते. तिथे फोटो स्टुडिओवाले काका आणि त्यांची कॉलेजातली लेक बसली होती.

“बाबा, खरं सांगा. आजच्या फोटोला हात लावलात?”

“शप्पथ, नाही!”

“पहिल्या वेळीही शप्पथच होती.”

“अगं, तीस वर्षं लोकांच्या पुटकुळ्या पुसतोय. हात आपोआप वळतो.”

“आपल्या फॅमिली डॉक्टरांनी इथे द्यायच्या चिठ्ठीसोबत फोटो मागितला आणि तुम्ही गाल गुळगुळीत करून दिलात! हे डॉक्टर म्हणाले, हिला औषध कशाला?”

“मग तू मास्क काढलास.”

“आणि ते खुर्चीतून उठलेच.”

“चुकलं म्हटलं ना. पण तू जिद्दीची हं. चार महिने रोज रात्री वाटाण्याएवढं मलम. सालपटं निघाली तरी सोडलं नाहीस.”

“रडले की.”

“रडलीस, पण लावलंस. मला कॉम्प्युटरवर दोन मिनिटं लागतात. काम मात्र तुझं पक्कं.”

“दोन डाग राहिलेत अजून.”

“फोटोतही आहेत. मोजून घे.”

“डॉक्टर म्हणतील, परत पुसलात.”

“म्हणू देत की! तू लगेच मास्क काढ.”

“आणलाच नाही.”

“विसरलीस?”

“नाही.”

ताईंनी लेकीचा नंबर पुकारला. काका चष्मा पुसत राहिले. लेक केव्हाच आत गेली होती.