चार बोटं आखूड

— आधी चहा घ्या हो, नवा बोर्ड कुठे पळून जात नाही. आणि खरं सांगू का, तो बसवायलाच हवा असं काही नाही. हो, यांनी सांगितलंय, माहीत आहे मला. मागच्या खोलीचा स्विच इथे माझ्या स्वयंपाकघरात, तो सारखा पडतो, तिकडची वीज जाते, मग माझ्या बिचाऱ्या ताईला शिवणाचं मशीन सोडून अंगण ओलांडून यावं लागतं, तेव्हा तिचा स्विच तिच्याच खोलीत देऊन टाका — असंच म्हणाले ना? या माणसाला बायकोने नवा चष्मा घेतलेला आठ दिवसांनी कळतो, पण बहिणीच्या फेऱ्या बरोबर मोजतो. अहो, वीस पावलं आहेत. वीस पावलांनी वन्सं काय झिजणार आहेत? दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, तेवढेच पाय मोकळे होतात. मी आपली त्यांच्या भल्यासाठीच म्हणते. हसताय कशाला?

किती वेळा पडतो म्हणालात? दोनदा? छे, एकदाच. सकाळी दहाला. म्हणजे मला वाटतं दहाला, मी काय घड्याळ लावून बसते? — बरं, बसते. आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुमच्या लक्षात आलंच असेल, सगळा बोर्ड तेलकट आणि त्यावरचं ते बारीक बटण तेवढं लखलखीत. हा स्विच बसवला त्या वायरमननेच सांगितलं होतं, महिन्यातून एकदा बटण दाबा, स्विच पडला म्हणजे तो धड आहे असं समजा. मी रोज दाबते. माणसाने काळजी घ्यावी.

मग काय करणार होते? तीन महिने झाले, नणंदबाई माझ्याशी बोलत नाहीत. कारण त्या खिडकीवर लटकतंय, बघा. ते पडदे. दुकानातून तयार आणले मी. अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारी बाई घरात, माझ्या लग्नापासून या घरातला उशीचा अभ्राही कधी बाहेर शिवला गेला नाही, आणि मी उठले आणि तयार पडदे घेऊन आले. मला वाटलं, त्यांची मान दुखते, डोळ्यांना ताण पडतो, आणखी आपलं काम कशाला त्यांच्या गळ्यात घाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच — त्यात ते चार बोटं आखूड निघाले. वन्संनी पाहिले, एवढंच म्हणाल्या, ‘आता माझी गरज उरली नाही तर.’ बस्स. त्या दिवसापासून जेवणसुद्धा तिकडेच.

काढून टाकायचे? तेवढी अक्कल मलाही आहे हो. पण दांडी बघा किती उंच, आणि घरातलं एकुलतं एक स्टूल त्यांच्या खोलीत. ते मागायचं कुणी? मागितलं की मी हरले. म्हणून ते बटण. स्विच पडला की येतात, नाकासमोर बघत बोर्डापर्यंत जातात, खट् करून वर करतात, जाताना पडद्याच्या खालच्या काठावर एक नजर टाकतात आणि चालू लागतात. बोलत नाहीत. पण येतात. चेहरा उतरलाय का, मान अवघडलीय का, एवढं तरी मला दिसतं. तुम्ही तो बोर्ड तिकडे लावलात की तेही गेलं. मग मी त्यांना बघायचं कधी?

चारला? हो, चारलाही पडतो, यांचं खोटं नाही. मला वाटलं रोज दाबून दाबून मीच त्याला खोड लावली. नाही? मग कशाने — ते पिशवीतून काय काढताय?

ठेवा. टेबलावर ठेवा. ही कुठे मिळाली तुम्हाला? वन्संच्या खोलीत, स्टुलावर, प्लगशेजारी? अहो, ही जुनी इस्त्री. हिची वायर उंदरांनी कुरतडलेली, दोन वर्षांपूर्वी मला झटका दिला तो हिनेच. वन्सं तासभर माझा हात चोळत बसल्या होत्या. मग त्यांनीच ही माळ्यावर फेकली आणि त्यांनीच हट्ट धरून हा झटका बसायच्या आत वीज तोडणारा स्विच बसवून घेतला. नवी इस्त्री आहे की त्यांच्याकडे, यांनी आणलेली. तीही होती? चांगली चालते? मग ही खाली कशाला काढली — ही प्लगात घातली की स्विच पडणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुम्ही उचललीत तेव्हा काय म्हणाल्या? मान खाली घालून शिवत राहिल्या?

थांबा जरा. मला बसू द्या.

मी नुसतं बटण दाबते, बटणाने कुणी मरत नाही. आणि ही बाई रोज चार वाजता असली इस्त्री हातात धरते, माझ्या स्वयंपाकघरात यायला कारण हवं म्हणून? एखाद्या दिवशी स्विच पडलाच नसता तर? साठी उलटली दोघींची, आणि अक्कल बघा. मीच मोठी शहाणी समजत होते स्वतःला. तीन महिने वाटत होतं, एकटी मीच झुरतेय.

किती वाजले? चार वाजून गेले. स्विच वरच आहे. इस्त्री इथे, आणि बटणाला मी हात लावलेला नाही, तुम्ही साक्षीला आहात. आज काही त्या येत नाहीत. मीच जाऊ का? जाऊन म्हणू काय? तुमची इस्त्री द्यायला आले म्हणू?

चपला वाजल्या ना? तिकडचा दिवा तर चालू आहे, दिसतोय इथून. मग या कशाला — गळ्यात टेप आहे, ती काय नेहमीच असते. पण हातात —

स्टूल आहे.

उठा तुम्ही. पुढच्या दाराने जा. कप राहू द्या तिथेच. तो नवा बोर्ड घेऊन जा आणि यांना सांगा, स्विच आहे तिथेच बरा आहे. जा ना, बघत काय बसलात.