पाच मेंढरं

सत्तावन्न सालच्या माघात पिरंगुटकडं जाणाऱ्या एसटीची वाट बघत दोन बाया माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"सारजाबाई, पाटलाच्या पुतण्याचं नाव लिवून घेतलं का ठाण्यात?"

"लिवलं बाई, पर उन्हं कलल्यावर. आधी हवालदार म्हनला, चांगल्या घरचं पोरगं असं करायचं न्हाई, तुझी सूनच खोटं बोलतीया."

"हवालदार तितं बघाया गेलता व्हय?"

"मग इचारतोय, सुंदरा एकटी कशापायी गेली? म्हनलं, मेंढरामागं काय वरात न्यायची व्हय?"

"बरं केलंस."

"मेंढरं किती, कुटल्या बांधावर, समदं खोदून इचारलं. म्हनलं, पाच हुती, पाटलाच्या हरभऱ्याच्या कडंनं चरत हुती. तितंच त्यानं पोरीची अब्रू घेतली."

"सुंदराला काय इचारलं?"

"तिच्याकडं बघून नुसता हसला. मग कागद लिवला, माझा अंगठा उठवला, आन ही नक्कल हातात दिली."

"काय लिवलंय गं?"

"मला कुटं वाचता येतंय? अवो दादा, तुमी वाचा की जरा."

मी वाचलं, "माझी पाच मेंढरे पाटलांच्या हरभऱ्यात शिरून पिकाचे नुकसान झाले, हे मला कबूल आहे."

"आन सुंदराचं?"

मी कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती.

सारजाबाईनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"मेंढरं तेवढी बरोबर मोजली मुडद्यानं."