रिव्हर्सची गाडी

नाव माझं रंजना, पन कोथरूडात मला रंजना म्हनून कुनी वळखत नाय, पडदेवाल्या ताई म्हनतात, तर तुम्ही पन फोनमधी तसंच लिवा. मी तुमच्या पडद्याचं माप घ्यायला आले आन तुम्ही विचारलंत ही तीन चाकांची नवी गाडी कुठनं मिळाली, तर ते असं मधूनच सांगून कळायचं नाय, मुळापासून सांगावं लागंल. माझा जनम शिवण्याचा. आता शिवणं पुन्यातच आलं, तवा गाव व्हतं, नदीच्या कडंला आमचं रान, वांगी, मेथी, कोथिंबीर निघायची, धरनातून पानी सुटलं की बांधापर्यंत यायचं. मी दोन वर्षांची असताना मला ताप आला, आन ताप गेला तो उजवा पाय घेऊन गेला. पोलिओ. तवा घरोघरी थेंब पाजायला कुनी येत नव्हतं, आले तवा माझं होऊन गेलं व्हतं.

मंग काय, कुनी नेलं तर जायचं, नाय नेलं तर बसायचं, असं माझं लहानपन. आप्पा म्हंजे माझे वडील, ते सायकलीच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे, पन रानात काम असलं की यायला उशीर, मंग शाळा सुटलेली, पोरी गेलेल्या, आन मी पायरीवर बसलेली. कुनाच्या लग्नाला गेलं तर तेच. जेवनं झाली, बायका उठल्या, गप्पा मारत निघाल्या, न्यायचं कुनी याची एकमेकीला खात्री की दुसरी नेईल, आन मी खुर्चीवर. कुनी वाईट नव्हतं हो, पन माझ्या मनानं मी उठले आन गेले असं काय नव्हतं. ते मला लई लागायचं. पाय नाय लागायचा तेवढा, हे लागायचं.

शिवनकाम शिकले, लगीन झालं, ते पुढं सांगते, पन आधी गाडीचं. आप्पांनी मला स्कूटर घेऊन दिली, पेट्रोलची, मागं दोन्ही बाजूंला जोडचाकं लावलेली. काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी मी वारज्याला गेले आन परत आले, काम काय नव्हतं, चौकात जाऊन नुसती उभी राह्यले, एक उसाचा रस प्याले, आन घरी आले. आई म्हनली काय आनलंस, मी म्हनलं काय नाय. त्या दिवसापासनं मी पडद्याची कामं धरली, कारन त्यात घरोघरी जावं लागतं, माप घ्यायला, मंग लावायला. बाकीच्या शिवनाऱ्या बायका म्हनायच्या बाई, घरी बसून फॉल-पिको कर, एवढा तरास कशाला घेती. त्यांना घरी बसायची हौस, मी घरी बसून कंटाळलेली.

आता तुम्ही गाडी चालवता ना, मागं घ्यायची झाली तर काय करता, दोन पाय टेकता आन सरकवता, तुमच्या ध्यानात पन येत नाय. माझं तसं नाय. माझी गाडी पुढं जाते, वळते, चढ चढते, पन मागं एक वीत म्हनून जात नाय, तिला कुनीतरी ओढावी लागते. म्हंजे सोसायटीत शिरताना मी आधी बघनार बाहेर पडायला वळसा हाय का, नसला तर वॉचमनला हाक, भाऊ जरा मागं ओढता का. एक आजोबा व्हते, तुमच्याच ह्या रस्त्याला, मला म्हनले, गाडी आत घालताना ती बाहेर कशी काढायची याचा विचार केला होतात का? मी म्हनलं काका, पडदे तुम्हाला पाहिजेत, मी काय हौसेनं आले नाय, मागची बाजू धरा जरा. धरली त्यांनी. नंतर चहा पन दिला, साखर कमी घालून.

बाहेर मी कुनाला पन सांगते, मला त्याची लाज नाय. घरी मात्र हे. हे म्हंजे माझे मालक, दत्तोबा. माझ्या लग्नाला कुनी तयार नव्हतं, हे तयार झाले, यांचं गाव लांब, हितं कारखान्यात माल चढवायला व्हते, आप्पांनी मला दोन खोल्या दिल्या आन हे तिथंच राह्यला आले. लोक घरजावई म्हनले, अजून म्हनतात, यांनी कधी उलटून बोल लावला नाय. पुढं चुलत्यांनी रान इकलं, त्यावर सोसायटी झाली, आन त्या सोसायटीच्या भिंतीनं आमचा बोळ एका बाजूनं बंद झाला. म्हंजे गाडी आत आली की तोंड भिंतीकडं, वळवायला जागा नाय. मंग रोज सकाळी हे उठनार, चहाच्या आधी, बोळातून गाडी मागं मागं ओढत रस्त्यापर्यंत नेनार, तोंड वारज्याकडं करून उभी करनार, शीट पुसनार आन आत येऊन म्हननार, काढली गं. रोज. ताप असला तरी. आधी थोडे दिवस आप्पा करायचे, मंग ते काम यांनी घेतलं आन कुनाला दिलं नाय.

मंग यांचं पोट दुखायला लागलं. जल्मभर ओझी उचललेली, हर्निया निघाला, आपरेशन झालं. कारखाना तर त्याच्या आधीच बंद पडलेला. डॉक्टरनी मला समोर बसवून सांगितलं, आता यांनी जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. मी मान हालवली, यांनी पन हालवली, आन टाके सुकले त्या दिवशी सकाळी हे बोळात. मी म्हनलं अहो, डॉक्टर काय म्हनले. म्हनतात, ते जड म्हनले, ही काय जड हाय. मी म्हनलं शेजारच्या शबानाभाभीच्या मालकाला सांगू, ते फळाची गाडी लावायला त्याच वक्ताला बाहेर पडतात, एक हात लावतील. तर यांचा चेहराच उतरला. म्हनले, तुझी गाडी परक्यानं काढायची, आन मी काय दारात बसून बघू?

शबानाभाभीनंच मला फोनवर दाखवलं, आमच्यासारख्यांसाठी तीन चाकांची इलेक्ट्रिक गाडी निघालीया, कारखान्यातनंच तशी येते, आन तिला रिव्हर्स हाय, बटन दाबलं की आपली आपन मागं जाते. मी तो इडिओ किती येळा बघितला असंल. दुसऱ्या दिवशी जाऊन बुक केली. बॅटरीला सबसिडी का काय म्हनतात ते सगळं त्यांनी समजावलं, मी म्हनलं ते राहू द्या, मागं जाते ना तेवढं सांगा. फोन नंबर यांचा दिला, कारन गाडीवर असताना मला फोन घेता येत नाय.

झालं, बसले वाट बघत. आधी म्हनले पाडव्याला देऊ. पाडवा गेला, म्हनले अक्षय तृतीयेला नक्की. मंग म्हनले बॅटरी यायचीया. मी फोन केला की एक मुलगी म्हनायची, मॅडम, प्रोसेसमध्ये आहे. मी म्हनलं बाई, प्रोसेस म्हंजे काय, कढीला उकळी आनताय का. हसायची बिचारी. पुढं हे म्हनले, तू तुझी कामं कर, शोरूमला फोन मी करत जाईन. पन मला हसू येत नव्हतं, कारन मी वाट बघत व्हते तवर रोज सकाळी हे ओढतच व्हते. शबानाभाभी म्हनली रंजू, जाने दे ती गाडी, तुझी जुनी पन झिजलीया, साधी पेट्रोलचीच दुसरी घे, जोडचाकं लाव, आजच्या आज मिळंल. बरोबर हाय, पन तिला रिव्हर्स नाय, म्हंजे यांचं ओढनं कायमचंच. बगा तुम्ही, थांबले तरी यांच्या पोटावर, नाय थांबले तरी यांच्याच पोटावर. रात नाय दिवस नाय, माप घेताना पन माझ्या डोक्यात तेच चाललेलं, एका बाईच्या हॉलचा पडदा त्यापायी मी आखूड कापला.

गौरी जेवल्या त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मी पायाला आधाराचा कॅलिपर चढवून दारात आले तर गाडी बोळात अर्ध्यावर, आन हे भिंतीला टेकलेले, एक हात पोटावर. मला बघितलं तसा हात काढला आन म्हनले, काय नाय, चपलेत खडा गेला.  त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं, की बस झालं. ती गाडी नको आन ही पन नको. बुकिंग परत घ्यायचं, जुनी गाडी इकून टाकायची, आन इतरांसारखं घरी बसून फॉल-पिको करायचं. परत बसायचं. हे म्हनताना, तुम्हाला खोटं नाय सांगत, मानूस गेल्यावर होतं तसं झालं. पन मानूस जायच्या आधीच गाडी गेलेली बरी.

रस्त्यावरच्या एकाला हाक मारून गाडी बाहेर घेतली आन तशीच शोरूमला गेले. भांडायचंच म्हनून गेले. काउंटरवर तीच मुलगी, प्रोसेसवाली, मी तोंड उघडायच्या आधी उठून उभी राह्यली, खुर्ची दिली आन म्हनली, काकू, तुम्ही कशाला आलात, आता बरं वाटतंय का तुम्हाला?

मी म्हनलं मला काय झालंय?

ती म्हनली, अहो, काका म्हणाले ना, तुम्ही आजारी आहात, गाडी आत्ता नको, पुढच्या लॉटला द्या. आम्ही तर दोनदा फोन केला, काकू. तुमची गाडी आषाढातच आली होती, मग ती दुसऱ्यांना दिली. श्रावणात परत फोन केला, तेव्हाही काका म्हणाले, अजून तब्येत नाही.

मी तिथंच बसले. तिनं पानी दिलं. मला कळंनाच, राग कुनाचा धरू. भांडायला आले व्हते तिच्याशी, आन ती बिचारी माझ्या तब्येतीची चौकशी करतीया. ती म्हनली, काकू, बुकिंग रद्द करायचंय का? मी म्हनलं थांब, मला घरी जाऊन येऊ दे. तिथल्या एका मानसानं गाडी मागं ओढून दिली आन मी निघाले, पूल कवा आला, वारजं कवा गेलं, मला ध्यान नाय.

घरी आले तर हे ताटात गवार घेऊन मोडत बसलेले. मी म्हनलं, मी आजारी हाय म्हनं. यांचा हात थांबला. वर बघितलं नाय. मी म्हनलं, पोट तुमचं फाटतंय, मी रोज शोरूमवाल्यांना शिव्या घालतीया, आन गाडी दोनदा दारापर्यंत येऊन गेली, का केलंत असं? त्यांनी आनखी एक शेंग मोडली. मंग गवारीकडंच बघून म्हनले, कारखाना गेला. आता जड उचलू नको म्हनतात. घर तुझ्या बापाचं, कमाई तुझी. एक ती गाडी काढायची तेवढी माझी व्हती. ती पन आपली आपन मागं जायला लागली तर मी सकाळी उठून करू काय?

 मी रागानं म्हनलं, गाडी ओढायला म्हनून ठेवलंय का मी तुम्हाला? एवढी वर्सं काय वॉचमन म्हनून नांदवलं? आन बोलता बोलता मलाच रडू आलं, कारन मला ठावं व्हतं, त्यांनी विचारलं त्याचं उत्तर मी दिलेलं नाय. कुनी नेल्याशिवाय बसून राहनं काय असतं ते माझ्याइतकं कुनाला कळतं, आन हा मानूस तसाच बसायला भीत व्हता. पन म्हनून मी त्याला फाटू द्यायचं का? नाय. मी त्यांच्या समोर फोन लावला, त्या मुलीला म्हनलं, बाई, नंबर बदल, हा माझा घे, आन गाडी येईपर्यंत मी थांबतीया. हे उठून आत गेले. तवापासनं गाडी येईपर्यंत सकाळची गाडी शबानाभाभीच्या मालकांनी काढली, आन हे त्या वक्ताला मुद्दाम मोरीत तोंड धुवत बसायचे.

दिवाळीच्या आधी आली गाडी. हार घातला, लिंबू ठेवलं, यांनी नारळ फोडला आन करवंटी उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बोळात आले, शीटवर बसले, बटन दाबलं, आन गाडी निघाली मागं, पीं पीं करत. जल्मात पहिल्यांदा मी माझ्या मनानं मागं गेले. रस्त्यावर आले, उभी राह्यले, आनंद झाला तर झाला, पन दाराकडं बघितलं आन दारात कुनी नव्हतं. काढली गं म्हननारं कुनी नव्हतं. दिवसभर माझं कामात ध्यान लागलं नाय.

त्याच्या पुढच्या सकाळी मी बटन दाबलं, गाडी मागं निघाली, तर मागनं आवाज, येऊ दे, येऊ दे. आरशात बघते तर हे बोळाच्या तोंडाशी, रस्त्याकडं एक हात करून गाड्या थांबवलेल्या, दुसऱ्या हातानं मला बोलावतायत, येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगाला घे, अजून, अजून, बस्. आन शीटवर हात आपटला. एका मोटारवाल्यानं हॉर्न मारला तर त्याला म्हनले, दिसत नाय का, गाडी मागं येतीया. काय सांगू तुम्हाला, बोळ सरळ, आरसे दोन्ही बाजूंला, मागं काय भिंत नाय, डोळं मिटून निघंल अशी जागा. पन डाव्या अंगाला घे म्हनले, तर मी घेतली.

आता रोजचंच झालंय. पोट यांचं बरं हाय, देवाच्या दयेनं, ओढायचं काय उरलं नाय. फक्त सकाळी यांना चपला लौकर सापडत नाहीत, एक दारात असते, एक कुठं पलंगाखाली. मला तुमच्याकडं यायला आज उशीर झाला तो त्यापायीच. त्यांच्या चपला सापडेपर्यंत मी गाडीवर बसून असते, बटन दाबत नाय.