एक अट कमी करून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आजी-माजी अधिकारी, शोध कक्षातील सर्व कर्मचारी, समोर बसलेली कुटुंबं, आणि मघापासून पुष्पगुच्छाचा चुरगळलेला कागद सरळ करत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या आणिताई,

वार्ताहराच्या हाती माईक देणं हे धाडसच. त्यातून माझं शिक्षण संस्कृतात झालेलं. दोन शब्दांत आटपणाऱ्या गोष्टीचा मी समास करतो आणि मग त्याचा विग्रहही मीच करत बसतो. संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. प्रयत्न करतो.

'आणिताई' हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण का पडलं ते सगळ्यांना माहीत आहे. बेपत्ता माणसाच्या घरचे लोक इथे येतात. "उंच होते हो," म्हणतात. ताई कीबोर्डवरचे हात न काढता विचारणार, "आणि?" "सावळे." "आणि?" "कपाळावर डाग." "आणि?" एक बाई शेवटी वैतागून म्हणाल्या होत्या, "आणि फार तापट होते!" ताई शांतपणे म्हणाल्या, "त्याचा कॉलम नाही हो. असता तर त्यात अर्धं गाव बसलं असतं." त्या बाई रडता रडता हसल्या होत्या.

जे आज पहिल्यांदा आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. इथल्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस. कुणी इस्पितळात, कुणी आश्रमात, कुणी शवागारात, आणि नाव कुणालाच ठाऊक नाही. ताई अटी घालतात, आणि त्या सगळ्या अटी एकदम पाळणाऱ्या ओळी किती, ते यंत्र मोजून सांगतं. एक अट जरी चुकली तरी ती ओळ मोजणीतून बाद. आम्ही संस्कृतवाले 'च', म्हणजे 'आणि', हा शब्द श्लोकातली रिकामी जागा भरायला वापरायचो. त्याची खरी ताकद मला ताईंच्या टेबलाशी कळली. पुरुष म्हटलं की हजारो. 'आणि उंच' म्हटलं की शेकडो. 'आणि भुवईवर खूण' म्हटलं की मूठभर. प्रत्येक 'आणि'ला माणसं गळतात.

म्हणून ताईंची शिस्त अशी, की उत्तर शून्य आलं तर एकेक अट काढून पुन्हा मोजायचं. आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांची वयं वाढवायची. "हरवलेली माणसंही म्हातारी होतात," असं त्या आईबापांना तोंडावर सांगत. ऐकवत नसे, पण सांगत.

यापुढचं मी बोलावं का? काल मी ताईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बोल. सगळं बोल. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी अजून जुनंच वय धरून बसलं असेल." तेव्हा ही परवानगी नाही, आज्ञा आहे.

ताईंचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना, सायकलमध्ये हवा भरून येतो म्हणून घराबाहेर पडला आणि परत आला नाही. ताईंनी हीच नोकरी का धरली, हे वेगळं सांगायला नको. रोज टेबल आवरण्याआधी त्या शेवटची एक मोजणी करत. पुरुष. उंच. डाव्या भुवईवर तिरकी खूण. वय वीस ते पंचवीस. उत्तर शून्य. मग पर्स उचलत आणि म्हणत, "चला, आज नाही."

सगळ्यांची वयं वाढवणाऱ्या ताईंनी ते एक वय कधी वाढवलं नाही. कक्षात सगळ्यांना दिसत होतं. अध्यक्ष महोदय, आपल्यालाही दिसत होतं. आपण बोलला नाहीत, आणि मी आपल्याला दोष देत नाही. ते ताईंना तोंडावर कोण सांगणार होतं?

गेल्या आठवड्यात, निवृत्तीच्या तयारीत, ताई आपलं काम नव्या बाईंना समजावून देत होत्या. नव्या बाई हुशार आहेत, आणि नव्या आहेत. त्या सहज म्हणाल्या, "ताई, इथे वय वाढवायचं राहिलंय."

"राहिलं नाहीये. ते तसंच आहे."

"पण तुम्हीच तर म्हणालात ना..."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि ती अट स्वतःच्या हातानं खोडली. शून्याच्या जागी एक आला.

ती ओळ एका आश्रमातली होती, इथून बसनं दोन तासांवरच्या. कित्येक वर्षं याच शीटमध्ये होती. ताईंनी फोन लावला. पलीकडच्या परिचारिकेला चटकन आठवलं. "हो हो, आमचे बाबा! पांढरी दाढी, भुवईवर खूण. बोलायचे नाहीत काही. पण सायकलची घंटी वाजली की दाराशी जाऊन उभे राहायचे. गेल्या हिवाळ्यात गेले हो."

ताई म्हणाल्या, "बाबा? अहो, धाकटा आहे तो माझा."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. ताईंनी ओळखला.

काल मी त्यांच्या घरी गेलो. सांत्वनाचे शब्द मला पुष्कळ पाठ आहेत. एकही कामाला आला नाही. शेवटी त्यांचाच शब्द वापरला. म्हटलं, "आणि?"

"आणि काय? माझ्या कपातली साय पळवायचा."

"आणि?"

"गणितं माझ्या वहीतून उतरवायचा. माझ्या चुकांसकट."

"आणि?"

"हाक मारली की 'आलो, आलो' म्हणायचा. आणि यायचा नाही."

खूप वेळ बोलत होत्या. यातल्या कशालाच कॉलम नाही. पण काल पहिल्यांदा पाहिलं, प्रत्येक 'आणि'ला माणूस गळत नव्हता, थोडा थोडा घरात येत होता.

ताईंची एक विनंती आहे. जाण्याआधी बाहेरच्या टेबलाशी थांबा. नव्या बाई बसल्या आहेत. आपल्या माणसाचं आजचं वय त्यांना सांगा. तोंडातून निघत नसेल, तर ती अट काढा एवढंच म्हणा. समारंभाला हे शोभत नाही, पण ताईंचा कामाचा दिवस अजून संपलेला नाही.

मला बोलावलंत याबद्दल अध्यक्षांचा आणि संयोजकांचा आभारी आहे. वेळ संपल्याची खूण करून करून त्यांचा हात दुखला असेल. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर माझ्यापुरत्या आपल्या अटी जरा सैल करा आणि मला सांभाळून घ्या.

ताई, मी आता बसतो. तुम्ही 'आणि?' म्हणून विचारणार. पण माझ्याकडे पुढे काही नाही.