हात लावायचा नाही!

हात लावायचा नाही! बस्स. का लावायचा नाही, ते विचारायचं नाही. कधीपासून लावायचा नाही, तेही विचारायचं नाही. आमच्या घरातला हा मूळ नियम, बाकीचे सगळे नियम म्हणजे याचीच पिल्लावळ! इस्त्री बंद पडली? हात लावायचा नाही, बाबा बघतील. आणि बाबा काय करतात? बघतात! हो, नुसते बघतात! लांबून, हात मागे बांधून, आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखे, आणि म्हणतात, "दादाला विचारायला हवं." दादा म्हणजे माझे मोठे काका. मग काका येतात, तेही बघतात, घसा खाकरतात आणि निकाल देतात… "माणूस बोलावू."

तुम्हाला सांगते, हा जो 'माणूस' आहे ना, लहानपणी मला वाटायचं हा आपला कुणीतरी लांबचा नातेवाईक असणार. कारण रोज त्याचं नाव निघायचं! मिक्सरला माणूस येणार आहे, नळाला माणूस येणार आहे, दाराची कडी लागत नाही, तिलाही माणूसच येणार आहे! शाळेत 'माझे कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं, तर मी आई काढली, बाबा काढले, काका-काकू काढले आणि दारात एक माणूस काढला. चेहरा नाही, नुसता माणूस. बाईंनी विचारलं, हा कोण गं? म्हटलं, हा येणार आहे.

आला नाही हो तो! कधीच नाही! आणि वस्तू एकेक करून माळ्यावर चढत गेल्या. इस्त्री गेली, रेडिओ गेला, मिक्सर गेला, त्याच्या जागी दुसरा मिक्सर आला, मग तोही गेला… आमचा माळा म्हणजे वस्तूंचा वृद्धाश्रम! खाली राहिला फक्त हॉलमधला पंखा, कारण तो आधीच वर होता. तो बंद पडला नाही, ओरडायला लागला. कुईं… खट्. कुईं… खट्. त्याच्यावर आवाज चढवून बोलावं लागतं म्हणून आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात, आणि नवीन माणसाला वाटतं, यांच्याकडे भांडण चाललंय. भांडण नाही हो, पंखा चाललाय!

बरं, मी लहानपणी एकदा लावला हात. इस्त्रीला. सगळे बाहेर गेले होते, मी माळ्यावर चढले, ती खाली काढली, पिन उघडून बघितली, तर आत एक तार तुटून लोंबत होती. एवढंच! टोक सोललं, परत स्क्रूखाली घट्ट बसवलं, आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत सगळ्यांसमोर काकांचा शर्ट इस्त्री करून दाखवला. काय झालं असेल? टाळ्या? अहो, काका गरम शर्ट हातात धरून म्हणाले, "चालू झाली म्हणून काय झालं? कुणाला विचारलं होतंस?" आणि इस्त्री… चालू इस्त्री!… परत माळ्यावर. माणूस येऊन बघेपर्यंत वापरायची नाही!

मग मी मोठी झाले. म्हटलं, मला यंत्रांचं शिकायचंय. "नको," काका म्हणाले, "कॉम्प्युटर घे. त्यात हात काळे होत नाहीत." घेतला. पास झाले, कंपनीत लागले, काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, काका भेटेल त्याला सांगत सुटले, आमची पुतणी सॉफ्टवेअरमध्ये आहे, जसं काही तेच मला उचलून आत ठेवून आले होते! पहिल्या दिवशी मॅनेजरने मला माझं काम दाखवलं. एक जुनापुराणा प्रोग्राम. ज्याने लिहिला तो कधीच सोडून गेलेला. म्हटलं, हा रोज अडकतो का हो? मॅनेजर गोड हसला. त्याचं हसणं असं, की राग यायच्या आत संपतं. म्हणाला, "अडकतो ना. रोज सकाळी यायचं, बंद करायचा, परत चालू करायचा." म्हटलं, का अडकतो ते बघू? आणि त्याने काय सांगावं मला? सांगा, तुम्हीच सांगा!

"हात लावायचा नाही!"

मला वाटलं, काकाच कॉलर ताठ करून खुर्चीत येऊन बसलेत की काय! एवढं शिकून मी काय करत होते? बटण दाबत होते! बंद, चालू. बंद, चालू. चूक कुठे आहे ते मी शोधलंही होतं, कागदावर मांडून त्याच्या टेबलावर ठेवलं होतं, तर तो म्हणाला, "चांगलं आहे, पण आत्ता चालतंय ना? कशाला उगाच?" एके दिवशी मीटिंगमध्ये मी जरा जोरात विचारलं, हे कुणीतरी नीट करणार आहे की नाही? तर म्हणाला, "बाहेरून माणूस बोलावू."

माणूस!! इथेही माणूस!! मी उठले, ओळखपत्र काढलं, टेबलावर ठेवलं. दिला राजीनामा.

घरी भूकंप. आईने डोकं धरलं. बाबा म्हणाले, "दादाला कसं सांगायचं?" पोरीने नोकरी सोडली याचं काही नाही, दादाला सांगायचं कसं हे मोठं संकट! आणि करणार काय, तर दुकान. दुकान म्हणजे काय, तर लोकांनी बंद पडलेल्या वस्तू आणायच्या, आणि मी त्या दुरुस्त करायच्या नाहीत. बरोबर ऐकलंत, मी करायच्या नाहीत! त्यांनी माझ्याशेजारी बसायचं, स्वतः उघडायच्या, मी दाखवणार, ते करणार. अवजारं माझी, हात तुमचे. ज्याला परवडेल त्याने पैसे द्यावेत, नाही परवडत त्याने पुढच्या आठवड्यात येऊन दुसऱ्याला शिकवावं. काका म्हणाले, "म्हणजे धंदा की समाजसेवा?" म्हटलं, धंदाच, पण शेजाऱ्याला बरोबर घेऊन. "म्हणजे दोन्हीतलं काहीच नाही," काका म्हणाले.

तळमजल्यावर आमची एक खोली आहे, बाबा आणि काकांची मिळून. तिच्यात एक बंद पडलेली स्कूटर चादर पांघरून माणसाची वाट बघत होती. मी विचारलं, खोली वापरू? काका म्हणाले, "बघू." आता आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला कळत नाही का? कळतं! पण मी 'हो' समजले. मुद्दाम समजले! स्कूटर कोपऱ्यात सरकवली, खोली झाडली, रंगवली, मधोमध मोठं टेबल टाकलं, भिंतीवर अवजारं टांगली आणि बाहेर पाटी लावली : 'उघडून बघू'.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. लोक दारातून डोकवायचे आणि विचारायचे, "माणूस कुठेय?" मी टेबलामागे ढळढळीत बसलेली, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि मलाच विचारतात, माणूस कुठेय! काय सांगू, आरशात बघून खात्री करून घ्यावीशी वाटायची.

मग आल्या आमच्या मास्तरीणबाई. अर्ध्या वस्तीला गणित शिकवलेल्या, आता निवृत्त, आवाज अजून वर्गातला. पिशवीतून रेडिओ काढला, त्यांच्या यजमानांचा. ते गेले, पाठोपाठ रेडिओही गेला. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तर त्या बाई, ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाई मला हळूच विचारतात, "मी… हात लावला तर चालेल?" या वयात! परवानगी! मला असा राग आला, असा राग आला… त्यांचा नव्हे हो! त्यांना कुणी कुणी हे शिकवलं असेल, त्या सगळ्या 'दादां'चा! उघडला त्यांनी रेडिओ. सेलच्या जागी स्प्रिंग गंजून हिरवी झालेली. घासली, बसवली, बटण फिरवलं… खरखर आली, मग एकदम गाणं. बाई टेबलावर मूठ आपटून म्हणाल्या, "एवढंच होतं? आणि मी इतकी वर्षं त्याला रुमालात गुंडाळून ठेवलंय!" दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीला घेऊन आल्या, तिच्या दिव्यासकट. मग शेजारणीने जावेला आणलं. मग टेबलाला जागा पुरेना. आता मास्तरीणबाई रोज येतात, लोकांना शिकवतात, चुकलं की ओरडतात. खोली कशी भरलेली असते म्हणून सांगू!

आणि हे सगळं छान चाललंय म्हटल्यावर काय झालं असेल? बरोबर. घरी फोन!

कंपनीचा. तो प्रोग्राम एकदाचा बसला. कायमचा. माझ्या जागी आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, हात लावायचा नाही, तर त्याने प्रामाणिकपणे नाही लावला! बंद-चालूसुद्धा नाही केलं बिचाऱ्याने! मॅनेजर घाबरला, मी त्याचा फोन उचलेना, म्हणून कंपनीच्या दप्तरातून त्याने बाबांचा नंबर काढला. बाबांनी काय केलं? "दादाशी बोला." आणि दादांनी काय केलं? मला न विचारता, माझ्या वतीने, माझ्या आयुष्याचा निकाल लावून टाकला, "येईल ती. सोमवारपासून. माझा शब्द आहे." वर एक शब्द आणखी दिला, एका कुरिअरवाल्याला, खालची खोली गोदामासाठी घे म्हणून! मी खाली लोकांना मिक्सर उघडायला शिकवतेय आणि वर माझीच विल्हेवाट!

मग मला बोलावणं आलं. हॉलमध्ये सगळे बसलेले. काका मधल्या खुर्चीत, बाबा कडेला, आई दारात, काकू भाजी निवडत, डोक्यावर पंखा. कुईं… खट्.

काका सुरू झाले, "लोक विचारतात, पुतणी काय करते. काय सांगू? स्क्रू फिरवते?"

"हो, सांगा ना. छान फिरवते म्हणून सांगा."

"चांगली चाललेली नोकरी होती! चाललेल्या गोष्टीला हात लावतं का कुणी?"

अहो, माझ्या डोक्यात असं काहीतरी फुटलं म्हणता! म्हटलं, काका, एक मिनिट. बंद पडलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही. चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही. मग हे दोन दोन हात दिलेत कशाला? जोडायला?

"मोठ्यांशी कसं बोलायचं ते…" आई दारातून.

"मोठ्यानेच बोलावं लागतं आई, पंखा आहे ना!"

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, दादाने शब्द दिलाय."

"मग दादांनीच जावं सोमवारी! सोपं आहे, बटण दाबायचंय!"

काकूला भाजीत हसू आलं, तिने ते पालेभाजीखाली दाबलं. काका उभे राहिले. "खोली माझी आहे," म्हणाले, "माझी आणि तुझ्या बापाची. उद्या रिकामी हवी."

हे मात्र लागलं हो. खोलीच गेली तर ते टेबल कुठे टाकू? मास्तरीणबाईंना काय सांगू, रेडिओ परत रुमालात गुंडाळा? तुम्हाला सांगते, रडूच येणार होतं, पण म्हटलं आत्ता रडले तर हे म्हणतील, बघा, हिला नोकरीच हवी होती. मी सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"मी सोमवारी जाणार नाही. कुठल्याच सोमवारी जाणार नाही. आणि खोली रिकामी करणार नाही. तुमची आहे ना? मग तुम्ही करा. खाली या, ते टेबल उचला, भिंतीवरची एकेक पक्कड काढा, मास्तरीणबाईंना दारातून परत पाठवा. सगळं स्वतःच्या हाताने. मी अडवणार नाही. पण माणूस बोलवायचा नाही, काका. हात लावायचा."

झालं.

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी चष्म्याकडे बघितलं. आई दारात होती, ती जरा आणखी दारात गेली. काका स्वतःच्या हातांकडे बघत होते, जसं काही ते आजच घरी आलेत. तेवढ्यात टीपॉयवर त्यांचा फोन वाजायला लागला. मॅनेजर! फोन थरथरतोय, टीपॉयच्या कडेकडे सरकतोय, चौघंही बघतायत… आणि कुणी हात लावेना! काकांनी मला डोळ्यांनी खुणावलं, उचल. मी म्हटलं, शब्द तुमचा, फोनही तुमचा. वाजून वाजून गप्प झाला.

काका बसले. आमच्या हॉलमध्ये एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. नुसता पंखा. कुईं… खट्. कुईं… खट्.

आणि मग काकू. भाजीवरची नजर न काढता, अगदी हळू, "काय गं… नाहीतरी उभीच आहेस, तर तेवढा तो पंखा…"

आता काय करणार? आणलं स्टूल. बटण बंद केलं, चढले. खाली बघते तर बाबांनी स्टूल धरलेलं, दोन्ही हातांनी. काका छताकडे बघतायत. सगळं घर माझ्याकडे मान वर करून बघतंय, आणि तिथे वर, नाकातोंडात धूळ गेलेली असताना, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला… लहानपणापासून आम्ही ज्याची वाट बघत होतो ना, तो माणूस शेवटी आला!

तो मीच निघाले. आणि तेही फुकटात!