पाठ कशी आहे

तुम्ही हसाल, पण माझी पाठ आखडली म्हणून मला काम मिळालं. मी एकटाच लोकांना वेबसाइट बनवून देतो. आधीचे दोन क्लायंट "एकटा माणूस, आजारी पडला तर काय?" म्हणून सोडून गेल्ते. अन् मी खरंच आजारी पडलो! टेंभुर्णीला घरी पडून होतो, तर भेटायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगा. वैतागून एक वेबसाइटच बनवली, 'आज पाठ कशी आहे', अन् गावाच्या ग्रुपवर टाकली. झालं! ज्यांना माहीत नव्हतं, तेबी आले.

त्यातच पुण्याच्या नव्या क्लायंटचा व्हिडिओ कॉल आला. मी उशीला टेकून, अन् मागं खुर्च्यांवर भेटायला आलेले आठ जण गंभीर तोंडं करून बसलेले.

साहेब म्हणले, "अरे वा, एवढी टीम आहे तुमची?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारचे बबनकाका म्हणले, "आम्ही रोजच येतो."

साहेब खूश. "मग काम पक्कं. उद्या याच वेळेला सगळ्यांशी बोलू."

मी आईकडं पाह्यलं. ती लगेच दारात जाऊन उभी राह्यली अन् निघणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "त्याला बिलकुल बरं न्हाई हो. उद्या ह्याच टायमाला या बराबर."